मालकांचा पेपर वाचून झाला की

गेल्या महिन्यात पिंपरीत शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं आणि त्यात वीस मिनिटं बोलायला मला उभं केलं. विषय होता, वर्गात वर्तमानपत्राचा वापर. ह्या विषयावर मला कोणीही, कधीही उभं करावं, मी बोलते. बाजारभावाच्या रकान्यातून सरासरी कशी शिकवायची, हवामानाच्या चौकटीतून भूगोल कसा काढायचा, अग्रलेखातली लांबलचक वाक्यं कात्रीने कापून मुलांकडून पुन्हा कशी जोडून घ्यायची, हे सगळं मला तोंडपाठ आहे. अतिशयोक्ती अलंकार शिकवायला घरांच्या जाहिराती कशा कामाला येतात, ह्यावर तर माझा एक ठरलेला विनोद आहे. त्या दिवशीही लोक हसले.

शेवटी मागच्या रांगेतल्या एका नव्या शिक्षिकेने हात वर केला. "मॅडम, ह्यातून प्रत्यक्षात कधी काही बदललं का? म्हणजे मुलांनी लिहिल्यामुळे?"

"हो तर," मी म्हणाले. "आमच्या एका विद्यार्थिनीने चाळीतल्या पाण्याबद्दल लिहिलं होतं. ते छापून आलं आणि दुसऱ्या दिवसापासून चाळीला वेळेवर पाणी मिळायला लागलं."

टाळ्या पडल्या. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी खाली बसले, चहा आला, आणि तो तसाच टाकून मी निघाले. म्हणून हे लिहायला बसले आहे. शाळेचं, गावाचं नाव लिहिणार नाही, मुलीचं तर नाहीच. एकदा नावगावासकट छापलं की काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

मी राहते निगडीला, प्राधिकरणात. शाळा चाकणच्या पट्ट्यात, मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडली की जी गावं लागतात त्यांतल्या एका गावात. निगडीहून भोसरी आणि भोसरीहून दुसरी बस, असं चौदा वर्षं चाललं आहे. गाव जुन्या शेतकऱ्यांचं, पण शेतांत आता कंपन्या आहेत आणि गोठ्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या. एका रांगेत दहा खोल्या, वर पत्रा, दारापुढे मोरी, टोकाला सगळ्यांत मिळून एक नळ. ह्या खोल्यांत लातूर, परभणी, नांदेडकडून आलेली माणसं राहतात. नवरा एका कंपनीत, बायको दुसऱ्या कंपनीच्या कँटीनला, आणि मुलं आमच्या वर्गात. साठ मुलांत गावची म्हणावी अशी पंधरासुद्धा निघत नाहीत.

आमच्या शाळेत पेपर यायचे ते गावातल्या एका बड्या माणसाकडून. त्यांच्या दोन चाळी, एक मंगल कार्यालय, आणि शाळेच्या संस्थेवरही ते होते. सगळं गाव त्यांना नुसतं 'मालक' म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणते. मालक तीन पेपर घ्यायचे. सकाळी सहाला ओट्यावर खुर्ची टाकायची आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, 'हरवले आहे, सापडले आहे'सकट सगळं वाचून काढायचं, हा त्यांचा नेम. मग साडेसातच्या सुमाराला मोटरसायकलवरून स्वतः शाळेत आणून द्यायचे. शाळेसाठी एखादा पेपर चालू करता येईल का, असं मी एकदा भीतभीत विचारलं होतं. ते म्हणाले, "येगळा कशाला? माजं वाचून झालं की तुमचंच हायेत." माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे तो वाईट वाटेल, आणि तसं वाटलेलं माझ्या सोयीचं आहे.

शनिवारचा दुसरा तास माझा पेपरचा. पेपरची पानं सुटी करायची, चार-चार मुलांत एक पान द्यायचं आणि फळ्यावर पाच शब्द लिहायचे: कोण, काय, कुठे, केव्हा, का. प्रत्येक बातमीतून ही पाच उत्तरं शोधायची. एकही उत्तर सापडलं नाही तर बातमी कच्ची. नववीला मी ह्याच्या पुढे नेलं होतं. त्यांनी स्वतःच्या गल्लीतली बातमी लिहायची, मी तपासायची आणि चांगली असेल ती व्हरांड्यातल्या फळ्यावर लावायची. कोणाची शेळी व्यायली, कोणाच्या दारात गटार तुंबलं, कुठल्या कंपनीचा कंटेनर वळताना विजेच्या खांबाला लागला, असं पुष्कळ काय काय येई. मला त्याचं फार कौतुक होतं, आणि ते कौतुक मुलांपेक्षा माझं मलाच जास्त होतं. आमच्या खात्यात 'उपक्रमशील शिक्षिका' असा एक शब्द आहे. तो ज्याच्या नावामागे लागतो, त्याला मग दर पंधरा दिवसांनी काहीतरी करून फोटो टाकावे लागतात. मला तो लागला होता आणि मला तो आवडायचा. तेव्हा विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

आता ती मुलगी. नववीत होती, परभणीकडची. अक्षर सुटं, सरळ, बघत राहावं असं. वर्गात गप्प असायची, पण लिहायला बसली की मान वर करायची नाही. आणि रोज उशिरा यायची. आमची शाळा सकाळची, सात वीसला प्रार्थना. ही पावणेआठला दारात. बाही ओली, श्वास लागलेला.

"का उशीर?"

"पाणी भरत होते, मॅडम."

"सगळेच भरतात," मी म्हणायचे आणि तिला पहिला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं करायचे. मी तिची वर्गशिक्षिका होते. जूनपासून हे चाललं होतं. माझ्या बोलण्यात तथ्यही होतं, सगळेच पाणी भरत होते. पण तिच्या चाळीतल्या बाकीच्या मुलांच्या आया त्या वेळी घरी असायच्या आणि हिची आई कँटीनच्या रात्रपाळीवरून आठ वाजता परतायची, एवढं विचारावं असं मला सुचलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिने तिची बातमी दिली. वहीच्या अर्ध्या पानावर. 'आमच्या गावात एका चाळीत पाणी मालकांच्या सवडीने येते. त्यामुळे बायकांना कामाला जायला अडचण होते. माझी रोज प्रार्थना चुकते.' एवढीच. शेवटच्या वाक्यापुढे मी बरोबरची खूण केली. तिला दाराबाहेर उभं करणारी मीच होते, हे वाचताना मनात आलं का? आलं असणार. पण ते तसंच पुढे सरकलं, कारण माझं लक्ष पहिल्या वाक्यावर होतं. मी तिला शिक्षकखोलीत बोलावलं.

"सवडीने म्हणजे केव्हा? 'केव्हा'चं उत्तर कुठे आहे?"

"सकाळी, मॅडम. सातच्या पुढं."

"पुढं म्हणजे कधी? बातमीत असं मोघम चालत नाही."

ती किंचित हसली. "मालकांचा पेपर वाचून झाला की कॉक उघडतात."

मी इतक्या मोठ्याने हसले की समोरच्या टेबलावरच्या गणिताच्या सरांनी मान वर केली. "आणि रविवारी?"

"रविवारी पुरवणी असती ना. मग आठ वाजत्यात."

काय वाक्य होतं ते! चौदा वर्षं मी मुलांच्या वह्या तपासते आहे, असं वाक्य वर्षात एखादं हाती लागतं. मालक किती वाजता पेपर आणून देतात हे मला रोज दिसत होतं आणि ही मुलगी किती वाजता येते हेही रोज दिसत होतं, पण ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आणि कळल्यावर वाईट वाटायच्या ऐवजी मला आनंद झाला.

"मग हे का नाही लिहिलंस?"

"नको, मॅडम," ती लगेच म्हणाली. हसू गेलं होतं. "पप्पा रागावतील. मालक चांगले आहेत तसे. आजी वारली तेव्हा त्यांनी गाडी दिली होती गावाला जायला."

"चांगल्या माणसाला राग येत नाही गं अशाने. तो सुधारतो," मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की आजही मला माझ्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो. कुठून आणलं होतं मी ते?

मी लाल पेन उघडलं आणि तिच्या दोन ओळींच्या मध्ये, बारीक अक्षरात, माझ्या हाताने लिहिलं: 'मालकांचा पेपर वाचून झाला की कॉक उघडतो. रविवारी पेपरला पुरवणी असल्यामुळे पाणी आठ वाजता येते.' वर 'एका चाळीत' होतं, ते खोडून 'शाळेच्या मागील वीस खोल्यांच्या चाळीत' केलं. कुठे, केव्हा, सगळी उत्तरं भरली. "आता स्वच्छ उतरवून दे." तिने कोऱ्या कागदावर उतरवून दिलं. एकही खाडाखोड नाही. देताना पुन्हा म्हणाली, "फळ्यावर नका लावू, मॅडम."

मी फळ्यावर लावलं नाही. तिचा शब्द मी असा पाळला. चाकणला एक वार्ताहर होते, शाळेच्या स्नेहसंमेलनाला यायचे. मुलांचं काही चांगलं असेल तर पाठवा, असं त्यांनी कधीतरी म्हटलं होतं. मी त्या कागदाचा फोटो काढला आणि भोसरीला बसची वाट बघता बघता त्यांना पाठवून दिला. मुलीला विचारलं नाही, घरच्यांना नाही, मुख्याध्यापकांनाही नाही. मला वाटलं, छापून आलं की तिला केवढं आश्चर्य वाटेल.

दहा दिवसांनी आलं. स्थानिक पानावर, चौकटीत, मुलीचं नाव, इयत्ता, शाळा सगळं. मी बसमध्ये फोनवर पाहिलं आणि उतरायच्या आत सगळ्या ग्रुपांवर टाकलं. शाळेच्या, शिक्षकांच्या, आमच्या निगडीच्या सोसायटीच्यासुद्धा. अंगठे, फुलं, अभिनंदन. मी एकेकाला 'धन्यवाद, श्रेय मुलांचं' असं उत्तर देत होते. त्याच वेळी मालक ओट्यावर बसून पान उलटत होते. जो माणूस हरवलं-सापडलंसुद्धा सोडत नाही, त्याच्या नजरेतून आपल्याच चाळीची चौकट निसटेल कशी?

छापून आलेलं नुसतं पाण्याचंच असतं, तर मला वाटतं मालकांनी मनावर घेतलं नसतं. गावात पाण्यावरून रोजच कोणी ना कोणी बोलत असतं. पण त्या पेपरच्या वाक्याने घोळ केला. दुपारपर्यंत फाट्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी पोरांना ते पाठ झालं. मालकांची मोटरसायकल दिसली की कोणीतरी ओरडायचं, "काय मालक, झाला का पेपर वाचून? सोडा की पानी!" ग्रामपंचायतीत कोणी उशिरा आलं की, "पुरवणी व्हती का आज?" त्यांच्याच मंगल कार्यालयात, त्यांच्याच व्याह्याने, भरल्या पंगतीत हाच विनोद केला म्हणतात. साठीच्या माणसाला गावात मान खाली घालून फिरायची वेळ आली, आणि ती आणली कोणी, तर त्याच्या भाडेकरूच्या पोरीने.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे सहाच्या ठोक्याला कॉक उघडायला लागला, हे मात्र खरं. सगळ्या खोल्यांना पाणी, तेही तासभर. मुलगी त्या दिवशी प्रार्थनेला हजर होती. मी व्यासपीठावरून तिच्याकडे बघून हसले. ती हसली नाही.

तिसऱ्या दिवशी मालक शाळेत आले. हातात पेपर नव्हते. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. मालक आवाज चढवून बोलले असते तर बरं झालं असतं, मला चढ्या आवाजाशी भांडता येतं. पण ते खुर्चीत पुढे सरकून, जवळजवळ हळू आवाजात बोलत होते.

"बाई, एक इचारतो. पोर हाय, तिला आमी काय बोलनार न्हाई. पर हे तिच्या डोक्यातलं न्हाई वाटत. कोनी लिवून घेतलं आसंल तर तसं सांगा. म्हंजी पोरीचा इषय मिटला."

इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी. 'मी लिहून घेतलं' एवढे तीन शब्द. माझी नोकरी कायम होती. मालकच काय, अख्खी संस्था माझं काही वाकडं करू शकत नव्हती. फार तर चार बोलणी बसली असती, दोन महिने मुख्याध्यापकांचं तोंड वाकडं राहिलं असतं आणि पेपर बंद झाले असते. त्याहून जास्त काही होणार नव्हतं, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्याही कळत होतं.

"मुलं आपापलं लिहितात," मी म्हणाले. "मी फक्त शुद्धलेखन तपासते."

का म्हणाले? भीती म्हणावी तर कशाची भीती? मला वाटतं, माझ्यावर कोणी असं बोट ठेवलेलं मला चालत नव्हतं, एवढंच. चांगली बाई म्हणून माझं नाव होतं आणि ते मला दहा मिनिटांसाठीसुद्धा खाली ठेवायचं नव्हतं. "मंग पोरगीच लई शानी म्हनायची," मालक म्हणाले आणि उठले.

मी वळले तर ती दारात उभी. कोणीतरी तिच्या हाती वर्गाचा हजेरीपट देऊन पाठवलं होतं. तिने तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला आणि गेली. तिने ऐकलं होतं, ह्यात शंका नाही.

त्यानंतर मी आणखी एक गोष्ट केली. त्याच दिवशी नववीच्या सगळ्या वह्या तपासायला म्हणून गोळा केल्या. तपासायचं काही नव्हतं. त्या एका वहीत माझी लाल अक्षरं होती. दोन दिवसांनी बाकीच्या वह्या परत दिल्या, तिची माझ्या कपाटात राहिली. तिने मागितली नाही.

महिनाअखेरीला खोली खाली करा, असा निरोप तिच्या वडिलांना मिळाला. हे मला तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलीने सांगितलं. वडील मालकांच्या ओट्यावर दोनदा जाऊन आले. मालक म्हणाले, पाहुणे यायचेत, खोली पाहिजे. बाकीच्या खोल्यांतल्या लोकांना सहाचं पाणी मिळायला लागलं होतं. त्यांतलं कोणी मध्ये पडलं नाही. मीही पडले नाही, तेव्हा त्यांना काय नावं ठेवू?

डिसेंबर संपता संपता वडील दाखला न्यायला आले. कंपनीचा निळा शर्ट घातलेला, बारकेला माणूस. पहिली पाळी अर्धी टाकून आला होता. दाखल्याआधी वर्गशिक्षिकेची सही लागते म्हणून कारकुनाने त्यांना माझ्याकडे पाठवलं. मागे ती उभी होती. मी सही केली आणि कपाटातून वही काढून तिला दिली. तिने ते पान उघडलं, बघितलं आणि वही मिटून पिशवीत घातली. तिच्या वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले.

"पोरीचं चुकलं, मॅडम. तुमाला तरास झाला तिच्यापायी. लहान हाय, माफ करा."

बोल, आता तरी बोल, असं मी मला म्हणत होते. आणि माझ्या तोंडातून आलं, "असू द्या."

असू द्या! त्यांना माफ केलं मी.

त्यानंतरचे महिने मी नेहमीसारखी शाळेत जात होते, शिकवत होते. मालकांनी पेपर पाठवणं बंद केलं, म्हणून मी निगडीहून घरचा पेपर न्यायला लागले. त्यातलं खेळाचं पान आणि हवामान तेवढं मुलांना द्यायचे. गल्लीतल्या बातम्या बंद केल्या. मुलं विचारायची, मी परीक्षा जवळ आल्याचं सांगायचे. जूनमध्ये दहावीचा वर्ग भरला, हजेरी घेताना तिच्या क्रमांकावर दुसरंच नाव आलं, आणि मग मला राहवेना. तिच्या मैत्रिणीकडून पत्ता घेतला आणि एका रविवारी दुपारी गेले.

चाकण ओलांडून तळेगावच्या रस्त्याला, एका मोठ्या कंपनीच्या मागे त्यांनी खोली घेतली होती. तशीच पत्र्याची, तसाच टोकाला नळ. तिने दार उघडलं, मला बघून घाबरल्यासारखी झाली आणि मग हसली. वडील ओव्हरटाइमला गेले होते. आई घरी होती. तिने सतरंजी अंथरली, मुलीला चहा टाकायला सांगितला. किती वेळ आहे, असं मुलीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, साडेपाचची बस मिळाली तरी चालेल, सावकाश कर. तेव्हा चार वाजले होते.

"कुठल्या शाळेत घातलंय?" मी विचारलं.

"घरीच हाय, बाई," आई म्हणाली. "शाळा हाय की, पर लई लांब. जानेवारीत गेलो तर म्हनले, आता मधीच घेत न्हाईत, जूनला या. जूनला हिचा बाप म्हनला, ह्या रोडनं कंटेनर जायलेत, पोरगी चालत कशी धाडायची? बस न्हाई इकडं. पुढच्या साली सतरा नंबरचा फॉर्म भरू म्हनायलेत. घरी बसून द्यायची परीक्षा."

सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून दहावी. मी किती मुलांचे भरून दिले आहेत, आणि त्यांतली किती परीक्षेला बसली, तेही मला माहीत आहे. मुलगी चहा ठेवून दारात जाऊन बसली. तिच्या हातात धाकट्या भावाची चड्डी होती, तिच्यात पिनेने नाडी ओवत होती.

"तुमचं नाव खराब केलं लेकरानं," आई म्हणाली. "तरी तुमी आलाव. मोठं मन हाय."

"असं काही नाही," मी म्हणाले.

"न्हाई वो. तिच्या बापानं लई मारलं तिला त्या दिशी. कधी हात लावत न्हाई, पर त्या दिशी मारलं. कोनी लिवाय लावलं, मॅडम म्हनल्या का, असं तीनदा इचारलं. मॅडम म्हनल्या आसतील तर मी जाऊन मालकाला सांगतो म्हनला, खोली तर ऱ्हाईल. तर ही म्हनती, न्हाई, मपल्या मनानं लिवलं. मॅडम तर नको नको म्हनत व्हत्या."

मी दाराकडे पाहिलं. तिची मान खाली होती. पिन कापडातून पुढे सरकवत होती.

"तसं नाही," मी म्हणाले. "नको ती म्हणत होती. ते वाक्य मी लिहिलं होतं. माझ्या हाताने. छापायलाही मीच पाठवलं, तिला न विचारता."

आई माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, नीट कळलं नाही म्हणून. मग कळलं. तिने पदर सावरला.

"मंग तवा का बोलल्या न्हाईत, बाई?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. टोमणा असता तर मी तो गिळला असता. पण ती उत्तराची वाट बघत होती, आणि माझ्याकडे जी काही उत्तरं होती ती त्या खोलीत, त्या बाईसमोर उच्चारता येतील अशी नव्हती. बाहेरून कंटेनर गेला, पत्रा थरथरला. ती अजून वाट बघत होती.

"आई," दारातून मुलगी म्हणाली, "मॅडमची साडेचारची बस आहे. उशीर होईल त्यांना."

साडेचारची बस नव्हती. मी साडेपाचची म्हटलेलं तिने ऐकलं होतं. ती आता थेट माझ्याकडे बघत होती.

मी घड्याळ पाहिलं, "हो गं," म्हणाले, आणि उठून चपला घातल्या.